वानखडेताईंचं सॉरी

वानखडेताईंनी मला पहिल्या भेटीत, पहिल्याच वाक्याला हबकवलं होतं.

नवरा एअर फोर्समध्ये. त्याची बदली चंदीगडला झाली तशी मीही गेले आणि तिथल्या एका ट्रस्टच्या मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून कामाला लागले. नोकरीचे अगदी सुरुवातीचे दिवस. मुलांच्या विभागात एका लहानग्याला एमआरआयसाठी झोपवायचं होतं. मी ट्रॅफिकमध्ये अडकले, उशिरा पोचले आणि दारातूनच म्हणाले, “सॉरी मॅडम. सॉरी, सॉरी.”

टेबलामागे एक बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, तिच्यावर बाह्या दुमडलेला ॲप्रन, पायांत पुरुषांचे वाटावेत असे काळे बूट. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कोनतं सॉरी?”

मराठीत. माझं आडनाव त्यांनी आधीच ऐकलं असणार.

“म्हणजे?”

“म्हनजे उशीर झाला याचं वाईट वाटलं, का मी काही बोलू नये म्हनून आधीच ढाल धरली?”

माझे कान गरम झाले. त्या खदखदून हसल्या. “बस, बाप्पा. चहा घे. ते पोरगं रडून रडून आपलं आपनच झोपलं आहे. त्याच्यापुढं तुझी दवा फिकी.”

डॉ. कुमुद वानखडे. मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा, प्रभाकरराव, मोहालीत सेक्टर सदुसष्टच्या औषधशास्त्राच्या संस्थेत संशोधक. त्यांच्या नोकरीपायी या इकडे आल्या आणि वीसेक वर्षं इथेच राहिल्या. इतक्या वर्षांत पंजाबी त्यांना चांगली कळायला लागली, हिंदी मात्र वऱ्हाडातलीच राहिली. “बहुत करके बुखार उतर जाएगा,” असं त्या म्हणायच्या आणि पंजाबी आया ते ‘बहुत करके’ म्हणजे औषधाचाच काही प्रकार असावा अशा चेहऱ्यानं मान हलवायच्या. आमचा मराठी माणसांचा गोतावळा लहान. चार डॉक्टर, विद्यापीठातले काही प्राध्यापक आणि दर तीन वर्षांनी बदलणारी आम्ही फौजी कुटुंबं. त्यात त्या सगळ्यांच्या ताई. मीही महिन्याभरात मॅडमवरून ताईवर आले.

सॉरी हा एक शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला होता. इंग्रजीचं तसं त्यांना वावडं नव्हतं. पण या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं, आणि त्याचं कारण त्यांनी मला एकदा कॅन्टीनमध्ये छोले-भटुरे खाताना सांगितलं. आवाजात काही चढ-उतार न करता.

त्या मराठी शाळेत शिकलेल्या. मेडिकलला लागल्या तेव्हा पहिल्याच वर्षी घरून फोन आला, वडील गेले. शेतात विजेच्या मोटारीचा धक्का बसला. वॉर्डनच्या खोलीत फोन ठेवून त्या बाहेर आल्या, तर दारात खोलीतली मैत्रीण उभी. पुण्याची, इंग्रजी शाळेतली. तिला बातमी आधीच कळली होती. तिनं यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, “कुमुद, आय ॲम सो सॉरी.”

“मले सॉरी म्हनजे चूक केल्यावर म्हनतात एवढंच माहीत,” ताई म्हणाल्या. “मले वाटलं, हिनं काहीतरी केलं. माझा बाप मेला, त्यात हिचा काही हात आहे. मी तिले गदागदा हलवलं. ‘तू काय केलं? सांग, तू काय केलं?’ ते पोरगी अशी घाबरली, अशी घाबरली! भिंतीले टेकून रडाले लागली. मग मोठ्या पोरींनी मले धरलं आणि समजावून सांगतलं, बाई, याचा अर्थ असाही होते.”

मी भटुरा हातात धरून तशीच बसले. हसावं की काय करावं कळेना.

“त्या दिवसापासून मी पाहत आली,” त्या म्हणाल्या, “एवढासा शब्द, पन मानूस त्याच्यात काय काय लपवते.”

आणि खरंच, त्या पाहत असत. रिसेप्शनवरची मुलगी लोकांना सांगायची, “सॉरी जी, बेड नहीं है.” ताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. “बेटा, बेड नहीं है तो बोल, बेड नहीं है. कहाँ मिलेगा वो बोल. सॉरी का वो क्या करेगा, उस पे सुलाएगा बच्चे को?” त्या मुलीनं दुसऱ्या दिवसापासून जवळच्या हॉस्पिटलांचे फोन नंबर टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवले. त्यांच्या हाताखाली हरमन नावाचा तरुण सरदार डॉक्टर होता, कामाला वाघ, पण प्रत्येक गोष्टीला “सॉरी यार मैम” म्हणायची सवय. ताईंनी ते ‘यार’ खपवून घेतलं, सॉरी नाही. फोनवर कुणी नीट ऐकू न आल्यानं “सॉरी?” म्हटलं की या पलीकडून म्हणत, “माफ किया. अब सुनो.”

मुलांच्या बाबतीत मात्र त्या फारच काटेकोर होत्या. इंजेक्शन देताना नर्स “सॉरी बेटा, सॉरी बेटा” करायची, ते त्यांनी बंद करून टाकलं होतं. त्या मुलाच्या डोळ्यांत बघून सांगत, “दुखेगा. थोडा सा. मुझे पता है दुखेगा, फिर भी मैं दूँगी, क्योंकि जरूरी है.” गंमत म्हणजे मुलं कमी रडत. एका पाच वर्षांच्या सरदारजीनं तर टोचून झाल्यावर गंभीरपणे सांगितलं, “थोडा नहीं, ज्यादा दुखा.” ताईंनी तितक्याच गंभीरपणे मान डोलावली. “ठीक है. मेरा अंदाजा गलत था.”

असं पटकन म्हणून टाकायच्या त्या. माझा अंदाज चुकला. मी विसरले. मला येत नाही. आमच्या धंद्यात ही वाक्यं दुर्मीळ. सगळ्या हॉस्पिटलात त्या एकट्याच असं बोलत आणि लोक त्यावर हसत, मीही हसायचे.

मग तो मे महिना आला.

उन्हाळ्यात आमच्याकडे उलट्या-जुलाबाच्या मुलांची रांग लागते. त्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत पिंजौरहून एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. मुलीचं नाव महक. वडील राजिंदर, त्यांचं पिंजौरच्या बाजारात टायरचं दुकान. आई सीमा. पोरीला कालपासून उलट्या, पोटात दुखतंय, अंगात त्राण नाही. पाणी खूप पिते, आईनं सांगितलं. मे महिन्यात कोण पीत नाही? ताईंनी पोट तपासलं, जीभ पाहिली. श्वास जरा जलद होता, पण पोर सुया पाहून रडत होती, त्यामुळे असेल असं वाटलं. हरमननं विचारलं, “मैम, शुगर देख लें एक बार?”

ताईंनी पोरीकडे पाहिलं. ती आईच्या ओढणीत तोंड लपवून थरथरत होती.

“रहने दे,” त्या म्हणाल्या. “एक सुई कम.”

उलटीचं औषध, ओआरएसची पाकिटं, भरपूर पातळ द्या, बरं नाही वाटलं तर लगेच आणा. त्यांच्यामागे अजून तीसेक मुलं उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महकला परत आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. बोटाच्या थेंबावर शुगर तपासली तर मशीननं आकडाच दाखवला नाही, मोजता येणार नाही इतकी वाढली होती. मुलांना होतो तो मधुमेह. शरीरात इन्शुलिनच तयार होत नाही, रक्तात आम्ल साठत जातं. उलट्या, पोटदुखी, तहान, तो जलद श्वास, सगळं त्याचंच. मला आयसीयूत बोलावलं. श्वासनळीत नळी मीच घातली. नळी घालताना माझ्या समोर, खाटेच्या पायाशी ताई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि परत पाहिलं नाही. माणसाचा चेहरा इतका रिकामा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मेंदूला सूज आली. ताई त्यानंतर घरी गेल्याच नाहीत. इन्शुलिनचे डोस त्या स्वतः मोजत होत्या, तासातासाला रक्त स्वतः घेत होत्या. बाहेर बाकावर महकची आजी बसलेली असायची, आणि तिचं बोलणं काचेच्या दारातून आत ऐकू यायचं. ती सुनेला बोलत होती. रडत, पदर तोंडाला लावत, पण न थांबता. “तूने ही पिलाया उसको शरबत. जग भर-भर के. डॉक्टर क्या करेगी? शुगर किसने चढ़ाई? माँ है तू?” सीमा बाकाच्या टोकाला बसून जमिनीकडे पाहत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. पोर पाणी पाणी करत होती म्हणून तिनं शरबत दिलं होतं. डॉक्टरनं पातळ द्यायला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी महक गेली.

आयसीयूच्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. त्यानंतर तासाभरानं आम्हाला, म्हणजे तिच्या उपचारात असलेल्या सगळ्यांना, ॲडमिनिस्ट्रेटर सूदसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सूदसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. पण त्यांचं वकिलाशी फोनवर बोलणं झालं होतं.

“मैडम,” ते ताईंना म्हणाले, “फैमिली आपसे मिलना चाहती है. आप सॉरी जरूर बोलिए. हम पत्थर थोड़े ही हैं. पर दुख वाला सॉरी. गलती वाला नहीं. आप समझ रही हैं ना?”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“आपको दोनों का फर्क मालूम है,” त्या म्हणाल्या. “अच्छी बात है.”

सूदसाहेबांना वाटलं, त्यांना पटलं. मलाही तसंच वाटलं.

नातेवाइकांशी बोलायची एक वेगळी खोली होती, सोफा, एसी आणि प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी असलेली. सोफ्यावर आजी आणि राजिंदर. त्याचा धाकटा भाऊ दाराशी उभा. सीमा खाली, सोफ्याच्या पायाला टेकून. वर बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी खुर्ची ओढली आणि ती बरोबर सीमाच्या समोर ठेवून बसल्या. मी, हरमन आणि सूदसाहेब मागे.

“मुझे आपको एक बात बतानी है,” ताई म्हणाल्या. “जो हुआ, मेरी गलती से हुआ.”

सूदसाहेब अर्धवट उठले. “मैडम का मतलब यह है कि...”

“मेरा मतलब वही है जो मैं बोल रही हूँ.” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “पहले दिन आप उसको लाए, तब यह बीमारी शुरू हो चुकी थी. उल्टी, पेट का दर्द, प्यास, सब उसी का था. मुझे पहचानना चाहिए था. उँगली से एक बूँद खून लेते तो वहीं पता चल जाता. मेरे इस जूनियर ने पूछा भी था. मैंने मना किया. मैंने ही घर भेजा.”

हरमनच्या तोंडून कसलासा आवाज आला. डॉक्टर होऊन मला पंधरा वर्षं झाली होती आणि असं बोलणं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं, बंद दारामागेही नाही.

आजी म्हणाली, “पर वो शरबत...”

“शरबत से नहीं हुआ, माँजी.” ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “किसी के खिलाने-पिलाने से यह बीमारी होती ही नहीं. इसने पिलाया, क्योंकि मैंने बोला था पिलाओ. इसकी कोई गलती नहीं है. जरा सी भी नहीं. यह बात आप सब मेरे मुँह से सुन लो और घर जाकर भी याद रखो.”

राजिंदरनं मग अगदी हळू विचारलं, “उस दिन पता चल जाता, तो बच जाती?”

या प्रश्नाला द्यायची उत्तरं आमच्याकडे तयार असतात. सांगता येत नाही. प्रत्येक केस वेगळी असते. देवाच्या मनात असेल ते होतं. मी मनातल्या मनात ताईंना ती पुरवत होते. यातलं काहीतरी बोला. कुठलंही बोला.

“बहुत करके, हाँ,” ताई म्हणाल्या.

भावानं फुलदाणी उचलून भिंतीवर आपटली. तो ओरडत होता, काय ते मला आठवत नाही, दारात गार्ड आले. राजिंदर तसाच बसून होता. आणि मग सीमा उठली. तीन दिवसांत जिनं मान वर केली नव्हती ती बाई उठली, ताईंसमोर आली आणि तिनं फाडकन ताईंच्या कानाखाली मारली.

चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. ताई खुर्चीतून हलल्या नाहीत. गाल चोळला नाही, हात वर केला नाही. गार्ड पुढे झाला त्याला फक्त बोटानं थांबवलं. सीमा आपल्याच हाताकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. आणि मग ती रडायला लागली, त्या तीन दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लेकीचं नाव घेऊन. आजीनं सोफ्यावरून उतरून तिला मिठीत घेतलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सूदसाहेबांनी ताईंना गाठलं. “सब बोल दिया आपने! सब कुछ! और जो बोलना था वो? सॉरी तो आपने बोला ही नहीं!”

मी आठवून पाहिलं. खरंच, तो शब्द त्या सगळ्या बोलण्यात कुठेच आला नव्हता.

“उसके बाद सामने वाले को ‘कोई बात नहीं’ बोलना पड़ता है, सूदसाहब,” ताई म्हणाल्या. मी दिलेला चष्मा त्यांनी पदरानं पुसला. एक काच तडकली होती. “उनको वो क्यों बोलने लगाऊँ?”

पुढचं लवकर सांगते, कारण ते कुणालाही कळेल असंच घडलं. हॉस्पिटलनं त्यांना सुट्टीवर जायला सांगितलं आणि ती सुट्टी संपलीच नाही. डॉक्टर मंडळी चिडली होती, तीही दुष्टपणानं नव्हे. सगळे घाबरले होते. आता प्रत्येक पेशंटच्या घरचा माणूस विचारणार, तुमचं चुकलं का सांगा. जे ताईंच्या हातचा चहा पिऊन मोठे झाले होते ते कॉरिडॉरमध्ये मला म्हणत, “आपकी ताई ने हम सबको फँसा दिया.” राजिंदरच्या भावानं तक्रार केली. चौकशी झाली. तिथे ताईंनी वकील घेतला नाही, जे त्या खोलीत बोलल्या तेच पुन्हा बोलल्या. काही महिन्यांसाठी प्रॅक्टिस बंद ठेवण्याची शिक्षा झाली. त्यांनी अपील केलं नाही.

त्या काळात मी त्यांच्या घरी गेले होते. त्या खूप वाळल्या होत्या. साडीचं नेसणं सैल झालं होतं, बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून देत. प्रभाकरराव स्वयंपाकघरात चहा करत होते. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्यापाशी फुटले.

“तुम्ही तरी विचारा तिला. काय गरज होती? चूक झाली, मान्य. रात्रंदिवस रडते ती, मी पाहतो न. पण असं सगळ्यांसमोर सांगून पोरगी परत येणार होती का?”

ताई दारात येऊन उभ्या होत्या. आम्हाला कळलं नव्हतं.

“पोरगी नाई,” त्या म्हणाल्या. “पन तिची माय जिती आहे न. त्या बाकावर तिले काय काय म्हनत होते, ते मी आतून ऐकलं होतं. मी नुसतं ‘वाईट झालं’ म्हनून घरी आली असती, तर तिले ते जन्मभर ऐकाले लागलं असतं. पोर तिनंच मारली म्हनून.”

प्रभाकररावांनी गॅस बंद केला. चहा उतू जाऊन शेगडीवर सांडला होता, तो कुणी पुसला नाही.

माझ्या मनात तोवर त्यांच्याबद्दल काय काय येऊन गेलं होतं. वेडेपणा, हट्ट, स्वतःला मोठं करून घेण्याचा एक प्रकार, असंसुद्धा. आणि कारण इतकं साधं होतं. दाराच्या काचेतून आलेला एका सासूचा आवाज. तो मीही ऐकला होता. आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता.

शिक्षेचे महिने संपल्यावर त्यांनी सेक्टर बावीसमध्ये, बस स्टँडच्या अलीकडच्या दाटीत, एका केमिस्टच्या वरच्या मजल्यावर दोन छोट्या खोल्या भाड्यानं घेतल्या. पेशंट फार नव्हते. जे येत त्यांना त्या आधीच सांगत, मुलाच्या बोटातून एक थेंब रक्त घेणार. सर्दी असो, खरूज असो. एक आई चिडली, “मैडम, दाद-खाज के लिए शुगर?” ताईंनी वाद घातला नाही, पैसेही घेतले नाहीत, थेंब मात्र घेतला. मला ते पाहवत नसे. डॉक्टर म्हणून मला कळत होतं की याला काही अर्थ नाही, आणि हेही कळत होतं की हे आता कधी थांबणार नाही.

आमची पुढची पोस्टिंग आसामला आली. सामान ट्रकमध्ये चढलं तशी मी निरोप घ्यायला सेक्टर बावीसला गेले. दुपार होती, बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. ताईंनी मला बाकावर बसवलं, माझ्या हातात सुपारीची पुडी ठेवली, आसाममध्ये कुठल्या तापांना जपायचं ते सांगितलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक बाई वर आली. फिकट सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, हातात कापडी पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. मलाही वेळ लागला.

सीमा होती.

“आप अंदर बैठो,” ताई तिला म्हणाल्या, रोजच्या माणसाला म्हणावं तसं. ती आत गेली. मी ताईंचं मनगट धरलं.

“ही इथे कशाला?”

“येते,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “महिन्या-दोन महिन्यानं. पिंजौरच्या बसनं येते, घरी बाजाराले जातो म्हनून सांगते. पहिल्यांदा आली तव्हा मले वाटलं, अजून मारायचं राहिलं असंन. मी चष्मा काढून ठेवला. तर समोर बसली आन म्हने, ‘फिर से बताइए.’”

“काय?”

“सगळं. पहिल्या दिवसापासून. घरात आता कोनी पोरीचं नाव काढत नाई. कोनाले सोसत नाई. मग हे इथं येते. मी सांगतो.”

“प्रत्येक वेळी? सगळं?”

“हो. माझ्या ‘रहने दे’सकट.” त्यांनी माझा हात हळूच सोडवला. “जा तू आता, तुझा ट्रक थांबला असंन. पोचली की फोन कर.”

त्या आत गेल्या. दार त्यांनी लोटलं, पण ते पुरतं लागलं नाही. फटीतून दिसत होतं. ताई टेबलामागच्या खुर्चीत बसल्या नाहीत, पेशंट मुलांसाठीच्या बुटक्या स्टुलावर बसल्या, सीमाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. सीमानं पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

“बहुत भीड़ थी उस दिन,” ताईंनी सुरुवात केली. “आप दरवाजे के पास खड़ी थीं. वो आपके आगे थी, सफेद फ्रॉक में.”

“पीली,” सीमा म्हणाली. डोळे मिटलेलेच.

“पीली,” ताई म्हणाल्या. “पीली फ्रॉक में.”